हाकेला ओ

१

जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला त्या दिवसापासून त्या घरात टेबलावर बसून कोणी जेवलं नव्हतं. ताटं मांडीवर, पेले जमिनीवर आणि टेबलावर उत्तरेकडचं बर्फाचं रान ऐसपैस पसरलेलं. गोठलेली तळी, त्यांच्या कडेने जाणारी तुटक रेघ, मुक्कामाच्या जागी टोचलेल्या लाल टाचण्या. त्यातली एक टाचणी खाली पडून तिच्या तळपायात घुसली तेव्हा नवरा धावत आला, आणि टाचणी कुठल्या तळ्यावरची ते त्याने आधी बघितलं. पाय त्याला नंतर दिसला.

नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर लोकांना लहानमोठी अक्षरं वाचायला लावणारा हा माणूस आता बाल्कनीत गारगोटीवर गारगोटी घासून आग पेटवत होता. बर्फात चालायचे रुंद बूट घालून दिवाणखान्यातली फरशी खरवडत होता. तिकडच्या वाटाड्याशी फोनवर तासन्‌तास हुज्जत घालत होता. जन्मात ज्याने तळं सोडा, बादलीतलं गार पाणी अंगावर घेतलं नव्हतं, तो त्या माणसाला बर्फ कुठे पातळ असतो ते शिकवत होता.

तिला हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण ती स्वतः एका कोल्ड स्टोरेजची देखरेख करत होती. सकाळी जाड कोट चढवायचा, शून्याच्या खूप खालच्या खोल्यांमधून फिरायचं, मटार आणि मासळीची खोकी तपासायची, बाहेर येऊन हातापायांत जीव येईपर्यंत कोणाशी बोलायचं नाही, हा तिचा रोजचा दिवस होता. थंडी ही बघायला जायची गोष्ट नाही हे ती सांगून सांगून थकली होती. थंडी आधी दुखते आणि मग दुखायची थांबते, आणि थांबते तेव्हा खरं घाबरायचं असतं. नवरा म्हणायचा, तुला सगळ्यातच आपलं ऑफिस दिसतं.

तोवरही ठीक होतं. पण ऐन हंगामात तिला रजा मिळेना, आणि नवऱ्याने जाहीर केलं की तो पोरीला घेऊन जाणार. पोर म्हणजे टिटवी. तोंडाचा पट्टा झोपेतही चालू असायचा म्हणून पडलेलं नाव. याच टिटवीला मागच्या हिवाळ्यात छातीच्या दुखण्याने इस्पितळात ठेवावं लागलं होतं, आणि तिच्या उशाशी बसून रात्री काढल्या होत्या त्या आईने. बाप तेव्हा दुकानाच्या वेळा सांभाळत होता.

"माझी पोर मी त्या गारठ्यात पाठवणार नाही," ती म्हणाली.

"तुझी एकटीची आहे का ती?" नवरा ओरडला.

मग जे भांडण झालं ते शेजाऱ्यांनी टीव्ही बंद करून ऐकलं असावं. दोघंही भांडायला सारखेच पक्के. तो एक बोलला की ती दोन सुनवायची, तिने दार आपटलं की तो खिडकी आपटायचा. तिने सगळे उपाय करून पाहिले. टिटवीला ताप आहे असं खोटंच सांगितलं, तिचा एक बूट माळ्यावर लपवला, नणंदेला फोन करून रडून घेतलं. प्रत्येक वेळी तिचं पितळ उघडं पडलं, आणि नणंदेने उलट तिलाच ऐकवलं की वहिनी, तुझा स्वभावच विरजण घालायचा. त्या घरात आता तिच्या शब्दाला काडीची किंमत उरली नव्हती.

म्हणून नवऱ्याने जेव्हा विचारलं की तुमच्या कोल्ड स्टोरेजमध्ये तंबू लावून सराव करता येईल का, तेव्हा ती चटकन हो म्हणाली. एकदा आत जाऊन हुडहुडी भरली की टिटवी आपणहून रडत नको म्हणेल, असा तिचा हिशेब होता. बापाचं नाकही आपोआप ठेचलं जाईल हा विचार तिला जास्त गोड वाटला.

२

सुट्टीचा दिवस त्यासाठी निवडला. मालाची ने-आण बंद होती आणि मशीनच्या खोलीत म्हातारा मिस्त्री तेवढा होता. उभा जन्म कॉम्प्रेसरच्या घरघरीत गेल्याने त्याचे कान गेले होते. तो हात हलवून हसला आणि आपल्या कामाला लागला.

लांब बोळ, एका बाजूला ओळीने दारं. गादीएवढ्या जाडीची दारं, त्यांच्या आत लोंबणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या. शेवटची खोली रिकामी होती. जुना माल गेला होता आणि नवा यायचा होता, पण थंडावा चालू ठेवलेला होता. पट्ट्या बाजूला सारल्या की डोळ्यांतलं पाणी आधी गार व्हायचं.

तिथे एक नियम होता आणि तो मोडलेला तिने कधी पाहिला नव्हता. आतून दार उघडायची कळ एकदा गोठून बसली आणि एक हमाल आत अडकला, तेव्हापासूनचा तो नियम. बाहेरून दार लावण्याआधी उंबऱ्यावर उभं राहून हाक मारायची, "आत कोण?" जो आत असेल त्याने स्वतःचं नाव सांगायचं. नुसतं 'हो' चालत नाही, कारण रिकाम्या खोलीत भिंतीही तसला आवाज परत पाठवतात. नाव काही भिंत सांगत नाही. आणि नाव ऐकू आलं की तो माणूस डोळ्यांसमोर बाहेर येईपर्यंत उंबरा सोडायचा नाही.

टिटवीला हे तोंडपाठ होतं. शाळेच्या सुट्टीत ती आईबरोबर यायची, आणि घरी न्हाणीघराच्या दारावर थाप पडली तरी आतून "टिटवी!" म्हणून ओ द्यायची. नवऱ्याला ती नियम सांगायला लागली तर तो म्हणाला, आम्ही काय इथे पोती उचलायला आलोय? आणि तंबूची गुंडाळी खांद्यावर टाकून आत गेला. त्याचं ते ऐटीत चालणं बघून तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

तंबू उभा राहिला. बापलेक आत शिरले, चेन लागली, आणि तिने दार लोटून घेतलं. तिचा हात पूर्ण वेळ दाराच्या मुठीवर होता. आतून काही ऐकू येत नव्हतं, नुसता पंख्यांचा सूर. ठरलेला वेळ व्हायच्या आधीच तिने दार उघडलं, कारण हिशेब काही असला तरी आत तिची पोर होती.

पट्ट्या सारून नवरा बाहेर आला, मागून त्याचं बोट धरून टिटवी. रडणं दूरच, दोघांपैकी कोणी साधं शहारलेलंही नव्हतं. पोरीच्या नाकाचा शेंडासुद्धा लाल नव्हता. मजा आली का म्हणून तिने विचारलं तर पोरीने मान डोलावली. तिचा डाव साफ फसला होता, आणि रागाने तिचं डोकं भणभणलं.

त्या रागातही सवय सुटली नाही. दार लावण्याआधी तिने आत तोंड घालून हाक मारली, "आत कोण?"

"टिटवी!" आतून आवाज आला.

तिने मागे वळून पाहिलं. टिटवी बोळात बापाचं बोट धरून उभी होती. तिचं तोंड मिटलेलं होतं.

ती उंबरा ओलांडून आत धावली. तंबूची चेन ओढली. एक मोठी आणि एक लहान अशा दोन झोपायच्या बॅगा शेजारी शेजारी पडल्या होत्या. माणूस कोणी नव्हतं. चार भिंती, पंखे, जमिनीवर पांढरी भुकटी. तिने तंबूमागेही पाहिलं. बाहेर येऊन तिने नवऱ्याला विचारलं, तुला ऐकू आलं ना?

"आवाज घुमला असेल," तो म्हणाला.

"मी तिचं नाव घेतलंच नव्हतं. घुमेल कसं?"

"राग डोक्यात गेला की होतं असं कधी कधी."

तो हे अगदी शांतपणे म्हणाला, समजूत घातल्यासारखं. त्याने आवाज चढवला असता तर तिने तो चढवू दिला असता. पण ती समजूत तिच्या वर्मी लागली. तिने सगळा जोर लावून दार आपटलं आणि मूठ फिरवली. तंबू राहू दे, परत लागेल, असं तो चालता चालता म्हणाला.

३

पंख्यांचा आवाज असतो. थंडीने पत्रे आकसतात आणि कुरकुरतात. मनात जे घोळत असतं तेच कानाला ऐकू येतं. असं ती स्वतःला रोज समजावत होती, आणि समजावण्यात तशी ती हुशार होती.

घर मात्र शांत झालं होतं. टिटवी बोलायची ती विचारलं तेवढंच. शाळेतल्या बाईंनी फोन करून पोरीचं कौतुक केलं, म्हणाल्या, किती सुधारली. दूध समोर ठेवलं की टिटवी ते बघत बसायची, पार गार होऊन वर साय धरली की मग पिऊन टाकायची. पांघरूण पायाशी घडी केलेलं तसंच राहायचं. सकाळी आई तिच्या अंथरुणावर हात फिरवायची तेव्हा चादर कोणी झोपलंच नसल्यासारखी गार लागायची.

एकदा संध्याकाळी टिटवी खिडकीच्या काचेला नाक लावून उभी होती. बाहेर हिवाळा लागला होता आणि आईच्या बाजूच्या काचेवर तिच्या स्वतःच्या श्वासाने धुकं धरलं. टिटवीच्या नाकासमोरची काच स्वच्छ होती. आईने बराच वेळ पाहिलं. मग स्वयंपाकघरात जाऊन तिने नळ सोडला आणि भांडी घासायला घेतली, जी आधीच घासलेली होती.

तिने नवऱ्याला सांगितलं. आडून नाही, तोंडावर सांगितलं की पोरीला काहीतरी झालंय, त्या खोलीत काहीतरी झालंय, हा प्रवास रद्द कर. त्याने ऐकून घेतलं. पूर्वीचा असता तर घर डोक्यावर घेतलं असतं त्याने. आता तो म्हणाला, "तू दमली आहेस." तिने ताट भिंतीवर फेकलं. तो उठला, तुकडे गोळा केले, पुन्हा जागेवर येऊन बसला. ती भांडत होती आणि समोरून कोणी भांडतच नव्हतं, हा तिला सगळ्यात मोठा अपमान वाटला. स्वतः जिंकला म्हणून हा माणूस आता मोठेपणा दाखवतोय, असं तिला वाटलं. तिने त्याला मनातल्या मनात नाही नाही ते बोलून घेतलं.

नणंदेला सांगण्यात अर्थ नव्हता. तरी सांगितलं. नणंद म्हणाली, ताप झाला, बूट झाला, आता भुताटकी का वहिनी?

टेबलावरचा नकाशा एक दिवस गेला. टाचण्यांसकट गुंडाळून त्याने तो कचऱ्यात टाकला होता. वाट माहीत आहे, तो म्हणाला. वाटाड्यालाही त्याने नको म्हणून कळवलं. मग पाठीवरच्या पिशव्या त्याने पुन्हा उपसल्या, आणि लोकरीचे सदरे, मोजे, कानटोप्या, इतक्या दिवसांच्या खरेदीचा ढीग पलंगावर काढून ठेवला. पिशव्या जवळपास रिकाम्या झाल्या. पोरीला थंडीत काय घालणार, असं तिने किंचाळून विचारलं तेव्हा बापलेकांनी एकदमच तिच्याकडे पाहिलं. दोघांनाही प्रश्न कळला नव्हता.

४

त्या शेवटच्या खोलीवरून जाणं ती टाळत होती. पण मिस्त्रीने तिला गाठलं आणि बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात सांगितलं की नवा माल यायचाय, तो तंबू तेवढा काढा, बाई.

दुपारची वेळ होती. बोळात दिवे लख्ख होते, पलीकडे हमाल जेवणाचे डबे उघडून बसले होते. ती दार उघडून उंबऱ्यावर उभी राहिली. हाक मारायचीच नाही असं तिने ठरवलं होतं. हाक मारली नाही तर ओ येणार नाही, आणि ओ आली नाही तर सगळं पूर्वीसारखं असेल. पण इतक्या वर्षांची जीभ ऐकेना.

"आत कोण?"

"टिटवी," आतून आलं. आवाज बारीक झाला होता. "आई, किती वेळ लावलास गं. पाय दुखायचे थांबले माझे."

ती पट्ट्या लोटत आत घुसली. आत पाऊल पडताच आवाज गेला. तिने नाव घेऊन घेऊन हाका मारल्या, पंख्यांपलीकडे काही नाही. तंबूत ती गुडघ्यांवर बसली आणि लहान बॅगेत हात घातला.

बॅग उबदार होती.

बर्फाच्या खोलीत इतके दिवस पडलेलं कापड, आणि आत एका लहान देहाएवढी ऊब. तोंडाच्या जागी श्वासाचा ओलावा होता. तिने दोन्ही हात खांद्यापर्यंत आत खुपसले आणि ती ढसाढसा रडली. शेजारच्या मोठ्या बॅगेला तिने हात लावला नाही. त्या माणसाच्या कुठल्याही वस्तूकडे बघायची तिला इच्छा नव्हती. त्यानेच हे घडवलं होतं, त्याच्या त्या बर्फाच्या वेडाने.

दार उघडं राहिल्याचा लाल दिवा मशीनच्या खोलीत लागला तसा मिस्त्री आला. तिने त्याला उंबऱ्यावर उभं केलं, ऐका म्हणाली. त्याने कान पुढे केला, मान हलवली. मग त्याने तिचे निळे पडलेले ओठ पाहिले, तिला हाताला धरून बाहेर आणलं आणि दार लावून टाकलं. तिने त्याला वाट्टेल ते बोलून घेतलं. त्या बिचाऱ्याला त्यातलं एक अक्षर ऐकू आलं नाही.

उन्हात बसून हातांत जीव येईपर्यंत तिला एक गोष्ट कळली होती. चूक तिचीच होती, आणि दोनदा झाली होती. नाव ऐकू आलं की उंबरा सोडायचा नाही, आतला माणूस बाहेर येईपर्यंत. पहिल्यांदा तिने आत धाव घेतली आणि मग रागाने दार आपटलं. दुसऱ्यांदाही ती आतच धावली, आणि दार मिस्त्रीने लावलं. एकदाही ती थांबली नव्हती.

५

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी तिने नवऱ्याला निरोप धाडला, तंबू तुझा आहे, येऊन काढ आणि टिटवीलाही आण. तिला साक्षीदार हवा होता. एकदा त्याने स्वतःच्या कानांनी ऐकावं, त्याचा तो थंडपणा एकदा तरी तडकावा, आणि मग त्या दुसऱ्या पोरीला त्याने खुशाल उत्तरेला घेऊन जावं. ती आपली पोर घेऊन घरी जाणार होती.

दोघं आले. साध्या सुती कपड्यांत, हातात हात घालून. कॉम्प्रेसर घरघरत होता. तिने दार पूर्ण उघडलं, पाठ दाराला टेकवली आणि बोटं दाराच्या कडेभोवती घट्ट आवळली.

"आता ऐक," ती त्याला म्हणाली. "जन्मात एकदा तरी माझं ऐक." आणि आत तोंड करून तिने हाक मारली, "आत कोण?"

बराच वेळ पंखेच वाजत राहिले. मग अगदी क्षीण आवाज आला. "टिटवी."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा जसाच्या तसा होता. त्याला ऐकू आलं होतं, हे मात्र तिला कळलं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती त्याच्यावर तुटून पडणार, इतक्यात आतून पुन्हा कुजबुज ऐकू आली. टिटवी कोणाशी तरी बोलत होती.

"नुसतं हो नाही म्हणायचं. नाव सांगायचं असतं. नाहीतर आईला कळत नाही कोण ते."

आणि थंडीने दात वाजणाऱ्या एका पुरुषाने विचारलं, "नाव सांगितलं की उघडतात का गं?"

तो आवाज तिच्या इतक्या ओळखीचा होता की आधी तिला तो बाहेरूनच आल्यासारखा वाटला. मग आतला माणूस घसा खाकरून जमेल तितक्या मोठ्याने म्हणाला, "मी आहे. टिटवीचा बाबा."

तिने बाहेर उभ्या असलेल्या माणसाकडे पाहिलं. इतके दिवस ती त्याच्याशी भांडत होती. त्याच्यावर ताट फेकलं होतं, त्याला मनात शिव्या घातल्या होत्या, आणि तो शांतपणे ऐकून घेत होता. एकाही भांडणात त्याने उलट शब्द काढला नव्हता. भांडणारा आत होता, मोठ्या बॅगेत, जिला तिने रागापायी हातही लावला नव्हता.

"दार लाव," बाहेरचा म्हणाला. "गारठशील."

"बाहेर या," ती आत बघून ओरडली. "दोघंही बाहेर या. मी हलणार नाही इथून. तिला उचलून घे आणि माझ्या आवाजाच्या दिशेने चाल, मूर्खा. आधी बाहेर ये, मग भांडते मी तुझ्याशी. कधी नव्हे इतकं भांडते."

आत तंबूची चेन उघडल्याचा आवाज झाला. अडखळत, थांबत, पुन्हा. मग जमिनीवर पाय ओढल्यासारखं काहीतरी. ती बोलत राहिली, ओरडत राहिली, कारण गप्प बसली तर त्यांना दिशा राहणार नाही अशी तिला भीती वाटत होती. पट्ट्यांमधून येणाऱ्या वाऱ्याने तिचे गाल दुखायला लागले होते. बोटं दुखत होती, आणि एक एक करून दुखायची थांबत होती.

बाहेरचा पुरुष दाराजवळ आला. लहान मुलगी दुसऱ्या बाजूने आली. दोघांनी आपापले तळवे दारावर टेकवले. कसली घाई नव्हती त्यांना.

"आम्ही थांबू," तो म्हणाला. "आम्हाला कुठे थंडी वाजते?"

खाली, पट्ट्यांच्या अगदी टोकाशी, आतल्या बाजूने चार छोटी बोटं दिसली. निळ्या नखांची. ती पट्टी बाजूला सारायचा प्रयत्न करत होती आणि त्यांना ती सरत नव्हती.

दार हळूहळू मिटायला लागलं. तिची बोटं कडेवरच होती. तिने ती काढली नाहीत.